आमच्या नातीचे उद्योग

सन २०२४ च्या होळीस आमच्या घरीं एक पाहुणी आली. ती अद्याप परत गेलेली नाहीं. पाहुणी म्हणजे परकी कोणी नव्हे, आमची सख्खी नातच. चिरंजीव व सूनबाई पुण्यास नोकरीस असतात. सन २०२३ सालीं नातीस दहावीच्या परीक्षेंत शेंकडा ९४ गुण मिळाले. त्या आनंदाच्या भरांत सर्वांनीं मिळून, आणि त्या सर्वांत आम्ही पुढें होतों, तिला परगांवच्या एका निवासी शिकवणीवर्गांत ठेविलें. तेथें दोन वर्षें अभियांत्रिकीच्या प्रवेशपरीक्षेची तयारी करून घेतात. वर्गाचें नांव लिहिण्याचें कारण नाहीं. अशा वर्गांतून पुष्कळ मुलें सुखानें शिकून बाहेर पडतात. आमची नात त्यांतली नव्हती, इतकेंच.

होळीच्या दिवशीं पुरणपोळी पानांत वाढली, ती तिनें चतकोर खाल्ली. दुसऱ्या दिवशीं आमटीभात चार घास. लहानपणीं ताटाभोंवतीं सांडून खाणारी ही पोर आतां भाताचीं शितें एकेक करून कडेला लावीत बसे. विचारलें तर 'भूक नाहीं' म्हणे. चार दिवसांची सुटी संपली. तिनें बॅग भरली, देवाला नमस्कार केला, आणि उंबऱ्यापर्यंत जाऊन ती तेथेंच खालीं बसली. रडली नाहीं, ओरडली नाहीं. "आजोबा, मला जाववत नाहीं," एवढेंच म्हणाली.

'मी जाणार नाहीं' असें ती म्हणाली असती, तर मास्तरकीच्या जुन्या सवयीनें आम्हीं तिला चार गोष्टी सुनावल्या असत्या. 'जात नाहीं' आणि 'जाववत नाहीं' या दोहोंतला भेद आम्हीं तीस वर्षें फळ्यावर लिहून शिकविला. तो आम्हांस नीट समजला त्या सकाळीं, वाईच्या घराच्या उंबऱ्यावर. बॅग आम्हींच उचलून आंत आणली.

परंतु बॅग आंत आणणें निराळें आणि मन निवळणें निराळें. गांवांतील डॉक्टरांनीं तपासून शरीरास रोग नसल्याचें सांगितलें. चिरंजीवांनीं पुण्यास मानसोपचारतज्ज्ञ बाईंना दाखविलें; त्यांनीं औषध दिलें, आणि महिन्यांतून एकदां येण्यास सांगितलें. तें औषध तिनें नियमानें घेतलें व त्याचा गुण आला, हें आरंभींच स्पष्ट सांगून टाकतों. नाहीं तर पुढील मजकूर वाचून एखादे गृहस्थ मुलीच्या हातीं सोऱ्या देतील आणि डॉक्टरकडे नेण्याचें टाळतील! आमचें म्हणणें तसें मुळींच नाहीं. औषधाच्या जोडीला जें घडलें, तें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें, तेवढेंच लिहावयाचें आहे.

आमच्या घरांत आमच्या मोठ्या वहिनी आहेत. वय अठ्ठ्याहत्तर. त्यांनीं नातीस कांहीं विचारलें नाहीं, कांहीं समजाविलें नाहीं. चैत्र लागला तसे त्यांनीं कुरडयांसाठीं गहूं भिजत घातले आणि म्हणाल्या, "माझ्यानें पातेलें उचलत नाहीं आतां. रोज सकाळीं पाणी तेवढें बदलत जा." तीन दिवस तिनें पाणी बदललें. भिजत्या गव्हाला एक आंबूस वास सुटतो, तो कित्येकांस सोसत नाहीं. ही मात्र पातेल्यांत नाक खुपसून तिसऱ्या दिवशीं म्हणाली, "मोठी आजी, आज वास वेगळा आहे." वहिनी म्हणाल्या, "मग झाले गहूं. उद्यां वाटायचे."

चौथ्या दिवशीं गहूं वाटले, फडक्यांतून पिळून गाळले, आणि तें पांढरें पाणी रात्रभर न हालवितां ठेविलें. सकाळीं वरचें पाणी ओतून टाकल्यावर तळाशीं जो दाट चीक उरतो, तेंच गव्हाचें सत्त्व. त्याचें माप घेऊन तेवढ्याच मापाचें पाणी उकळत ठेवावयाचें, त्यांत मीठ व हिंग घालावयाचा, आणि मग एकीनें धार धरावयाची व दुसरीनें एकसारखें घोटावयाचें. येथें मनगटाचें काम आहे. हात थांबला कीं गुठळी झालीच. पहांटे पांच वाजतां आम्ही स्नानासाठीं उठलों, तों स्वयंपाकघरांत वहिनींची धार आणि नातीचा घोटा चाललेला. घामानें तिचे केस कपाळाला चिकटले होते. "थांबूं नकोस, थांबूं नकोस, आतां पारदर्शक होईल बघ," असें वहिनी म्हणत होत्या. चीक कांचेसारखा झाला, झांकण पडलें, वाफ आली.

गच्चीवर धुतलेल्या लुगड्यावर सोऱ्यानें कुरडया घालावयास घेण्यापूर्वीं, घरांतल्या मुलांना गरम चीक वाटींत घालून देण्याची रीत आहे. वर तूप, किंवा ज्याला आवडेल त्याला दूधसाखर. वहिनींनीं एक वाटी नातीपुढेंही ठेविली. ती तिनें उभ्याउभ्याच संपविली आणि वाटी पुढें करून म्हणाली, "अजून आहे?"

वाचकांस हें क्षुल्लक वाटेल. आमच्या घरांत त्या दोन शब्दांनीं काय झालें तें सांगतां येत नाहीं. आमचें कुटुंब दाराआड जाऊन पदरानें डोळे पुसूं लागलें. वहिनींनीं मात्र तोंडावरची सुरकुती हलूं दिली नाहीं. 'ह्या पोरीनें कुरडयांना चीक ठेवायचा नाहीं वाटतें' असें कांहींसें पुटपुटत त्यांनीं वाटी भरली.

त्यानंतर उडदाचे पापड झाले, साबुदाण्याच्या पापड्या झाल्या, कैरी किसून साखरांबा झाला. उरलेल्या चोथ्याच्या भुसवड्या घातल्या, त्या कांहींशा जाड होऊन आंतून ओलसर राहिल्या व त्यांवर बुरशी आली. त्या टाकाव्या लागल्या. पापड लाटतांना कडा फाटत. पुढें पुढें फाटेनाशा झाल्या. नात दिवसाकांठीं पंचवीसतीस वाक्यें बोलूं लागली. एवढ्यांत वैशाख आला, आणि आमच्यांतला मास्तर जागा झाला.

आम्हांस वाटलें, आतां हिची प्रकृति ठीक आहे, तर हिनें वेळ कां दवडावा? आम्हीं एक वेळापत्रक आखून तिच्या खोलींत लाविलें. सकाळीं गणित, मग पदार्थविज्ञान, दुपारीं रसायन. तीन दिवस तिनें तें वाचलें. चौथ्या दिवशीं दहाच्या सुमारास पाहतों तों, ती माजघरांत बसून वहिनींबरोबर फुलवाती वळीत होती. कापसाचा पेळू, दुधाचें बोट, आणि शंभरशंभराच्या जुड्या. आमचा तोल गेला. आम्ही म्हणालों, "हे उद्योग म्हाताऱ्याकोताऱ्यांचे आणि विधवाबायांचे आहेत. तुझ्या वयाला शोभत नाहींत."

वहिनी समोरच बसल्या होत्या. आमचे बंधु १९८१ सालीं वारले, तेव्हां त्या चौतीस वर्षांच्या होत्या. शब्द तोंडांतून गेल्यावर आम्हांस तें आठवलें. पण शब्द कांहीं परत घेतां येत नाहीं. वहिनींनीं वातीवरची नजर काढली नाहीं. म्हणाल्या, "भावोजी, तुमच्या अध्यापन पदविकेची फी कुठल्या उद्योगांतून भरली होती?"

आम्हांस पुढें बोलवेना. सन १९८१ सालीं आम्ही मॅट्रिक होऊन पाठशाळेंत कौमुदी घोकणारे बावीस वर्षांचे तरुण होतों, आणि मिळवती व्यक्ति घरांतून गेली होती. वहिनींनीं पापडलोणचीं करून घरोघर दिलीं. आम्ही सायकलवरून डबे पोंचवीत असूं, आणि ओळखीचें कोणी दिसलें कीं डबा पिशवींत लपवीत असूं. त्यांच्या लाट्यांवर आमची पदविका झाली, नोकरी लागली, निवृत्तिवेतनही त्याच लाट्यांचें. १५ मार्च १९५९ रोजीं गिरगांवांत सात बायकांनीं ८० रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास आरंभ केला, त्यांतून 'लिज्जत' उभें राहिलें, ही हकीकत आम्हीं शाळेंत मुलांना स्वावलंबनाचा धडा म्हणून कितीदां तरी सांगितली आहे. आपल्या माजघरांत तसेंच कांहीं घडलें होतें, हें मात्र वर्गांत सांगावयास आम्हांस संकोच वाटला. मोठेपणा दुसऱ्याच्या गच्चीवर असला म्हणजे कौतुकास सोपा जातो!

सायंकाळीं आम्हीं वहिनींस नमस्कार केला. त्या म्हणाल्या, "पोरीला बोललात, तिची समजूत घाला." नातीच्या खोलींत गेलों, तर वेळापत्रक भिंतीवर तसेंच होतें, 'गणित' या शब्दापुढें तिनें पेन्सिलीनें बारीक अक्षरांत लिहिलें होतें, '१२ गड्डे, वाफा ४ फूट × ६ फूट, अंतर १ फूट.'

हे बारा गड्डे हळदीचे. वाईभोंवतीं हळदीचीं शेतें आहेत. ओळखीच्या एका शेतकऱ्यानें तिला बेणें दिलें होतें. १० मे रोजीं अक्षय्यतृतीया होती. हळद लावण्याचा तो परंपरेचा दिवस. आमच्या घरामागें परस आहे, म्हणजे होतें असें म्हणावें लागेल: एक बुजविलेला आड, धुण्याचा दगड, कढीलिंबाचें खोड, एक वठत चाललेला प्राजक्त, आणि बाकी सारें मोडकें सामान. तें सामान तिनें व आमच्या धाकट्या नातवानें मिळून एका बाजूस रचलें, आणि दगडगोटे वेंचून वाफा केला.

आम्हीं शाकुंतलाच्या चौथ्या अंकांतील उतारा वर्षानुवर्षें शिकविला. शकुंतला झाडांना पाणी घातल्यावांचून स्वतः पाणी पीत नसे, हें कण्वमुनि वनवृक्षांना सांगतात, तेथें आमचा कंठ प्रतिवर्षीं दाटून येई. कण्ठ दाटलेला असतांना घरचा प्राजक्त वाळत होता, हें मात्र कधीं लक्ष्यांत आलें नाहीं. नातीनें त्याच्या बुंध्याशीं आळें केलें आणि भांडीं विसळलेलें पाणी तिकडे वळविलें. भाद्रपदांत त्याला फुलें आलीं. फार नाहीं, पांचपंचवीस. आमच्या पूजेच्या तबकांत तीं रोज सकाळीं ठेवलेलीं असत, आणि कोणी ठेविलीं हें कोणी सांगत नसे.

खताच्या प्रकरणीं घरांत मोठा वाद झाला. विदर्भांतील सुभाष पाळेकर यांच्या शेतीपद्धतीविषयीं तिनें वाचलें होतें; त्यांना २०१६ सालीं पद्मश्री मिळाली आहे. त्यांचें जीवामृत म्हणजे २०० लिटर पाण्यांत १० किलो शेण, १० लिटरपर्यंत गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि मूठभर जिवंत माती, असें मिश्रण. नातीनें दशांश प्रमाण घेऊन बादलींत २० लिटर केलें, आणि तें सांवलींत दोन दिवस ढवळीत ठेविलें. आमच्या कुटुंबानें नाकाला पदर लावून जाहीर केलें कीं, बेसन हें भजीं करण्यासाठीं असतें! आम्हीं मध्यस्थी म्हणून सुरपालाच्या वृक्षायुर्वेदाचा दाखला दिला. हा ग्रंथ सुमारें दहाव्या शतकांतला मानतात, आणि नलिनी साधले यांनीं केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद १९९६ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत कुणपजल नांवाचें द्रवखत सांगितलें आहे. तें कशाचें करतात असें कुटुंबानें विचारलें, तेव्हां आम्ही अडचणींत आलों, कारण त्यांत प्राण्यांचें मांस व चरबी शिजवून कुजवितात. ब्राह्मणाच्या परसांत त्यापेक्षां बेसन बरें, असें सर्वानुमतें ठरलें.

मृगाचा पाऊस पडला, हळदीला कोंब आले. शेजारच्या वाफ्यांत मेथी, माठ व घेवडा होता. तो हिरवागार झाला. आषाढांत एका सकाळीं आम्ही परसांत गेलों, तों माठाचीं देंठें उभीं आणि पानें नाहींत! गोगलगाईंनीं एका रात्रींत वाफा फस्त केला होता. तीन महिन्यांपूर्वींची नात डोळ्यांपुढें उभी राहिली, आणि आम्हांस धडकी भरली. आतां ही पुन्हां अंथरूण धरील, असें वाटून आम्ही दिवसभर तिच्या मागेंपुढें फिरत राहिलों. ती जेवली, पण बोलली नाहीं. रात्रीं दहा वाजतां परसांत दिवा हलतांना दिसला. पाहतों तों ही रेनकोट घालून, एका हातांत बॅटरी व दुसऱ्या हातांत डबा घेऊन गोगलगाई वेंचीत होती. "आजोबा, एकशेंबारा झाल्या," ती म्हणाली. आम्हीं छत्री धरली. एकशेंचाळीसपर्यंत आम्ही तिच्याबरोबर होतों. पुढें आमची कंबर धरली. त्या साऱ्या डब्यांत भरून दुसऱ्या सकाळीं तिनें नदीपलीकडच्या माळावर नेऊन सोडल्या, मारवेनात म्हणाली. मग आठ रात्री हाच क्रम. नववे दिवशीं माठ पुन्हां पेरला. त्या रात्रीं आम्ही पुष्कळ दिवसांनीं गाढ झोंपलों.

येथें आमचा एक जुना अपराध सांगणें प्राप्त आहे. शाळेंत 'कार्यानुभव' नांवाचा विषय असे. शिक्षणाला हाताच्या कामाची जोड हवी, हा विचार गांधीजींनीं १९३७ सालीं वर्ध्याच्या शिक्षणपरिषदेंत मांडला. पुढें १९६४–६६ च्या कोठारी आयोगानें कार्यानुभवाची शिफारस केली. आणि २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणांत सहावी ते आठवीच्या मुलांनीं दहा दिवस दप्तरावांचून सुतार, माळी, कुंभार यांच्याजवळ शिकावें असें पुन्हां म्हटलें आहे. कागद तिन्ही वेळां उत्तम. परंतु आठवड्याचा तो तास आम्ही व्याकरणाकडे वळवीत असूं आणि वर्षाच्या शेवटीं सर्व मुलांना सरसकट गुण देत असूं. एकदां, १९९४ सालचा बेंदूर जवळ आला असतां, मागच्या बांकावरच्या मुलानें बांकाखालीं मातीचे बैल केले होते. शिंगें, वशिंड, सारें यथास्थित. शब्दरूपें चालूं असतां तो त्यांच्या शिंगांना ओलें बोट लावीत होता. आम्हीं ते बैल खिडकींतून बाहेर टाकले. मुलगा कांहीं म्हणाला नाहीं. त्यास त्या वर्षीं आम्हीं कार्यानुभवांत पैकीच्या पैकी गुण दिले!

वात्स्यायनांनीं चौसष्ट कलांची जी यादी दिली आहे, ती आम्हांस पाठ होती. 'काव्यसमस्यापूरण' व 'पुस्तकवाचन' ह्या कला आम्ही अभिमानानें उच्चारीत असूं. त्याच यादींत नानाविध भाज्या व भक्ष्यें करण्याची कला आहे, 'सूचीवानकर्म' म्हणजे सुईचें काम आहे, 'वृक्षायुर्वेदयोग' आहे, माळा गुंफणें आहे; आणि ह्या सर्वांस एकच पंगत आहे, कोणाचें पान वर नाहीं कीं खालीं नाहीं. पाठ असलेली यादी वाचावयाची मात्र राहून गेली होती.

७ सप्टेंबरला गणपति आले, आणि त्यांच्याबरोबर चिरंजीव. उकडीचे मोदक नातीनें केले होते. कळ्या तेरा ते पंधरा, आणि उकड कोठेंही चिरलेली नव्हती. चिरंजीवांनीं सात खाल्ले. रात्रीं ओसरीवर मात्र ते म्हणाले, "आबा, तुम्ही सगळ्यांनीं तिला इथें रमवून ठेवलीत. बारावीचें काय? मोदकांवर आयुष्य निघतें का?" बोलणें बरेंच वाढलें. नात आंत ऐकत होती. खाजगीरीत्या कलाशाखेंतून बारावीस बसण्यासाठीं सतरा क्रमांकाचा अर्ज भरतात. तो भरण्याची मुदत संपत आली होती, आणि अर्ज तिनें स्वतःच आणून ठेविला होता. संस्कृत तिला आमच्यापाशीं करावयाचें होतें. चिरंजीवांचें म्हणणें असें कीं, विज्ञान सोडलें तर पुढें कृषिविद्यापीठाचें दारही बंद होईल. मग ज्या बागेचें एवढें कौतुक, तिचाही अभ्यास तिला करतां यावयाचा नाहीं. हें म्हणणें खोटें नव्हतें, व आजही आम्हांस तें खोटें वाटत नाहीं. शेवटीं नात बाहेर आली आणि म्हणाली, "बाबा, मला एक वर्ष असा अभ्यास करूं द्या कीं पुस्तक उघडलें तर पोटांत गोळा येणार नाहीं. पुढचें पुढें." चिरंजीव बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. त्यांनीं तिच्याकडे नव्हे, तिच्या हातांकडे पाहिलें. मातीनें नखें काळीं झालीं होतीं, आणि मनगटें भरलीं होतीं. मार्चमध्यें त्यांवरून बांगड्या गळून पडत. त्यांनीं खिशांतून पेन काढलें.

तेव्हांपासून दुपारीं दोन ते चार आमच्यापाशीं संस्कृत चालूं झालें. ती धातु चालवी तें गोधडीवर टांके घालीत घालीत. वहिनींनीं आपलें एक नऊवारी लुगडें त्या गोधडीसाठीं काढून दिलें. तें कोणतें, हें घरांत आम्हां दोघांसच माहीत होतें, व आम्ही दोघेंही बोललों नाहीं. वहिनींस आतां सुई ओंवतां येत नाहीं. नात रोज सकाळीं वीस सुया ओंवून एका पुठ्ठ्याला टोंचून ठेवी, म्हणजे त्यांना दिवसभर कोणाला हांक मारावी लागूं नये. हें तिला कोणीं शिकविलें होतें?

दिवाळी आली. बाजारांत तयार आकाशकंदील पुष्कळ; पण तिला कामट्यांचाच हवा होता. बांबू तासला, खळ शिजविली, पतंगी कागद आणला. षट्कोन मात्र उभा राहीना, सुटूं लागला. "आजोबा, ही गांठ तुम्हांला येते का?" आमचें उत्तर तयार होतें, कीं आम्हांस असलें कांहीं येत नाहीं. परंतु दोरा हातांत घेतला आणि बोटें आपोआप फिरलीं. आमच्या बंधूंनीं शिकविलेली गांठ; कामटीवरून दोनदां, मधून एकदां, आणि मग पिळ. पंचेचाळीस वर्षें तरी आम्हीं ती बांधली नव्हती. कंदील सज्जांत चढविला तेव्हां तो एका बाजूस किंचित् कलला होता. वहिनी खालून पाहत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "ह्यांचाही असाच कलायचा." बंधूंचा उल्लेख त्यांच्या तोंडून आम्हीं क्वचितच ऐकला आहे.

पौषांत हळदीचीं पानें पिवळीं पडलीं, माघांत वाळून लोळलीं. ११ फेब्रुवारी २०२५ पासून बारावीच्या परीक्षेस आरंभ झाला. पहिल्या पेपरास जातांना तिनें बजावलें, "आजोबा, माझे पेपर संपल्याशिवाय खणायचें नाहीं हं." आम्हीं कबूल केलें. त्याच उंबऱ्यावर ती क्षणभर थांबली, चपला घातल्या, आणि गेली. आम्ही ओसरीवर बसून राहिलों. अकरा वाजले, प्रश्नपत्रिका हातीं पडली असेल, असें मनांत म्हणत होतों.

वहिनी मागच्या दारानें आल्या. त्यांच्या हातांत खुरपें होतें. म्हणाल्या, "भावोजी, कडेचा एकच गड्डा. तिला कळायचें नाहीं." आम्हीं शब्द दिल्याचें त्यांना सांगितलें. त्या म्हणाल्या, "शब्द तुम्ही दिलात. मी कुठें दिला?" मग दोघांनीं मिळून, दोन म्हाताऱ्या माणसांनीं चोरासारखें, बाराव्या गड्ड्याभोंवतीं माती उकरली. जेठा गड्डा आणि त्याला बिलगलेलीं सात हळकुंडें. वहिनींनीं एक मोडून पाहिलें; आंत केशरासारखा रंग, आणि हातांस ओल्या हळदीचा वास. माती पुन्हां सारखी करून आम्हीं वर वाळलीं पानें पसरलीं.

दोन वाजून गेल्यावर नात आली. पेपर बरा गेला म्हणाली. हात धुवावयास मोरीकडे गेली, आणि तेथूनच तिनें आम्हां दोघांच्या हातांकडे पाहिलें. ओली हळद साबणानें जात नाहीं.